गुंजभर, तसूभर, काकणभर

वऱ्हाडच्या पश्चिम भागात, बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव हे शहर दोन वस्तूंकरिता नावाजलेले आहे. एक कापूस व दुसरी चांदी. कापसाची पेठ एवढी भरभराटीची होती की १८७० साली जलंब स्थानकापासून खामगावापर्यंत लोहमार्गाचा स्वतंत्र फाटा मुख्यत्वे तिच्यासाठी घालण्यात आला. आणि चांदीच्या लौकिकामुळे ह्या गावाला रजतनगरी असे म्हणू लागले. ह्या दोन पेठांतील तराजू मात्र एका जातीचे नव्हेत. कापसाच्या काट्यावर गाड्याच्या गाड्या तोलावयाच्या. तेथील भाषा मणांची आणि खंडीची. सराफाचा तराजू काचेच्या पेटीत ठेवावयाचा, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही त्याचे पारडे हलते. तेथील भाषा तोळ्याची, माशाची आणि गुंजेची.

मराठी माणूस नित्य बोलताना ज्या शब्दांनी अगदी थोडे प्रमाण किंवा अगदी थोडा फरक सांगतो, ते शब्द बहुतेक अशाच तराजूंवरून, गजांवरून आणि मापांवरून उतरलेले आहेत. 'त्यात तिळमात्र शंका नाही', 'तो तसूभरही मागे हटला नाही', 'हिच्यापेक्षा ती काकणभर सरस', 'त्याची प्रकृती तोळामासा' ही वाक्ये सुशिक्षित घरांतून रोज ऐकू येतात. ह्या साऱ्या शब्दांचा अर्थ 'थोडे' असा सांगून भागते असे पुष्कळांस वाटते. तसे असते तर ते एकमेकांच्या जागी घालता आले असते. परंतु 'तसूभर साखर द्या' असे कोणी म्हणत नाही, आणि 'चिमूटभर मागे सरला' असेही म्हणत नाही. असले वाक्य कानाला तत्काळ खटकते. ते का खटकते, ह्याचे उत्तर व्याकरणात नसून बाजारात आहे.

प्रथम वजनाचे शब्द पाहू. गुंज म्हणजे रानात आणि कुंपणावर चढणाऱ्या एका वेलीचे बी. लाल रंग, टोकाला काळा ठिपका, कवच कठीण आणि गुळगुळीत. हे बी दिसावयास सुरेख असले तरी चावून गिळल्यास अत्यंत विषारी असते, म्हणून लहान मुलांच्या हाती देऊ नये. ह्या बियांचे वजन एकमेकांशी बरेच जुळते आणि वाळलेले बी सहसा झिजत नाही. म्हणून सोने तोलण्यास तिची निवड झाली. सराफीचे कोष्टक असे होते की आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन ठरविण्यात आले. आजच्या मापाने ते सुमारे ११.६६ ग्रॅम भरते. त्यावरून एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅम होते. गुंजेलाच रती असेही नाव आहे, आणि वऱ्हाडात हिंदीच्या शेजारामुळे 'रत्तीभर' हे रूपही सर्रास ऐकू येते.

बियांनी मौल्यवान वस्तू तोलण्याची ही युक्ती एकट्या भारताची नाही. रत्ने तोलण्याचे 'कॅरट' हे माप भूमध्य समुद्राच्या परिसरातील कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून आले. इंग्रजांचा 'ग्रेन' म्हणजे शब्दशः धान्याचा दाणा. तथापि आपल्याकडील शास्त्रकारांनी गुंजेच्याही खाली उतरून पाहिले होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वजनांची जी उतरंड दिली आहे, तिचा आरंभ झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगणाऱ्या धूलिकणापासून होतो. त्याला त्रसरेणू म्हटले आहे. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, म्हणजे लीख. तीन लिखांची एक काळी मोहरी. तीन काळ्या मोहऱ्यांची एक पांढरी मोहरी. सहा पांढऱ्या मोहऱ्यांचा एक मध्यम यव. आणि तीन यवांची एक गुंज. हिशेब केला तर एका गुंजेत १२९६ त्रसरेणू भरतात. ११५० साली भास्कराचार्यांनी लिहिलेल्या लीलावतीत मात्र दोनच यवांची गुंज धरली आहे. काळ व शास्त्र ह्यांप्रमाणे कोष्टके बदलली, परंतु उन्हातल्या कणालाही वजन आहे आणि ते मोजण्याजोगे आहे, ही दृष्टी कायम राहिली.

ह्या उतरंडीकडे पाहिले म्हणजे 'राईचा पर्वत करणे', 'रजमात्र', 'कणभर', 'तिळमात्र' हे शब्द हवेतून आलेले नाहीत हे ध्यानात येते. 'तोळामासा' ह्या शब्दाचाही उलगडा येथेच होतो. तोळामासा प्रकृती म्हणजे नुसती अशक्त प्रकृती नव्हे. आज तोळाभर तर उद्या मासाभर, अशी क्षणात बारापटीने खालीवर होणारी, भरवसा न धरण्याजोगी प्रकृती, असा त्याचा भाव आहे. जो मनुष्य वर्षानुवर्षे एकसारखा कृश आहे त्याला हा शब्द लावणे चुकीचे होईल.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगणे अवश्य आहे. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली आणि १९६२ पर्यंत त्यांनी जुन्या वजनांची जागा घेतली. पण तोळा हा शब्द गेला नाही; त्याचे वजन मात्र बदलले. आज सोन्याच्या दुकानात तोळा म्हणजे दहा ग्रॅम असे समजतात. जुन्या तोळ्याहून तो १.६६ ग्रॅमने, म्हणजे साडेतेरा गुंजांहूनही अधिक वजनाने, हलका आहे. एखाद्या घरात आजीच्या हातची दागिन्यांची यादी सापडते आणि तीत 'पाटल्या, पाच तोळे' अशी नोंद असते. यादी दशमान मापांपूर्वीची असेल तर ते पाच तोळे म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम होत. वाटणीच्या वेळी कोणी त्यांना ५० ग्रॅम समजले, तर आठ ग्रॅमांहून अधिक सोने कागदावरून नाहीसे होते, आणि त्यासाठी कोणी चोरी केलेली नसते. भावाभावांत संशय उत्पन्न होण्यास एवढे पुरे आहे. एका शब्दाचे जुने वजन ठाऊक असणे ही केवळ पांडित्याची बाब नाही ती ह्याचसाठी.

आता लांबीचे शब्द. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. गजाची लांबी स्थानपरत्वे वेगळी असे. मुंबईकडे २७ इंचांचा गज धरीत, त्या हिशेबाने तसू सव्वा इंचाला थोडा कमी, म्हणजे एक इंच आणि एक अष्टमांश होतो. कापड आणि लाकूड मोजणाऱ्यांचे हे माप. म्हणून 'तसूभर' हा शब्द जागेशी आणि जागेवरून हलण्याशी जोडला गेला. मनुष्य आपल्या मतापासून, वचनापासून किंवा रणभूमीवरून तसूभर ढळत नाही. त्याचे प्रेम मात्र तसूभर कमी होत नाही, ते तिळभर किंवा कणभर कमी होते. सुतार आणि गवंडी ह्यांच्या तोंडी आजही 'सूत' हे माप आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे तीन मिलिमीटर. असे नऊ सूत घेतले म्हणजे वर सांगितलेला तसू होतो. दाराची चौकट दोन सूत बाहेर आहे असे गवंडी सांगतो तेव्हा तो अलंकारिक बोलत नसतो. ते दोन सूत दुरुस्त झाले नाहीत तर पावसाळ्यात दार लागणार नाही, हे तो सांगत असतो.

ह्याहून सूक्ष्म माप केसाचे. मनुष्याचा केस सामान्यतः एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही बारीक असतो. म्हणून जेथे संकट अगदी जवळून गेले, किंवा जेथे इजा मुळीच होऊ दिली नाही, तेथे केस येतो. 'त्याच्या केसालाही धक्का लागला नाही' असे म्हणतात. इंग्रजीतही केसाच्या अंतराने बचावण्याचा वाक्प्रचार आहे, पण मराठीने तो तेथून उसना घेतलेला नाही. केस सर्वांच्याच डोक्यावर असल्यामुळे दोन्ही भाषांना तो सारखाच सुचला.

धान्याच्या मापांचे घर आणखी वेगळे. दोन नेळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, असे कोष्टक जुन्या अंकगणितात मुले पाठ करीत. ही मापे गेली, तरी स्वयंपाकघरातली चिमूट, मूठ, पसा आणि ओंजळ राहिली, कारण ती हाताला चिकटलेली आहेत. मापाच्याही तळाशी जो दाणा उरतो त्याला शिजण्यापूर्वी कण म्हणतात आणि शिजल्यावर शीत म्हणतात. शितावरून भाताची परीक्षा करणारी भाषा एका दाण्याला क्षुल्लक मानत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावची भक्तपरंपरा ह्याच दाण्याशी जोडलेली आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज तेथे प्रथम दृष्टीस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना, असे परंपरा सांगते. लोकांनी जे टाकून दिले होते त्यात त्यांना अन्न दिसले.

त्याच जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ ह्या गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात अठरा धान्ये वर्तुळाकार मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा जागेवरून किती सरकला हे पाहून पीकपाण्याचे भाकीत वर्तवितात. ह्या भाकिताला हवामानशास्त्राचा आधार नाही. परंतु भाषेच्या दृष्टीने ही चाल लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या शेतकऱ्याचे वर्ष पावसावर अवलंबून आहे, तो दाण्याचे कणभर सरकणे श्वास रोखून पाहतो. 'पावसाचा टिपूसही नाही' हे वाक्य शहरातील मनुष्य उकाड्याने त्रासून उच्चारतो. पेरणी करून बसलेल्या घरात तेच वाक्य कर्जाचा आकडा उच्चारल्यासारखे निघते.

पैसा आणि काळ ह्यांचीही अशीच लहान नाणी भाषेच्या कनवटीला आहेत. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पया, म्हणजे रुपयाच्या १९२ पया होत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. परंतु चोख मनुष्य अजूनही पै-पैचा हिशेब देतो, आणि निर्धनाजवळ फुटकी कवडी नसते. काळाच्या कोष्टकात साठ पळांची एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे. त्यामुळे 'पळभर थांबा' असे म्हणणाऱ्याने खरे पाहता चोवीस सेकंद मागितलेले असतात.

आता प्रमाण सोडून फरकाकडे वळू. दोन वस्तूंत थोडाच भेद असेल तर मराठी निरनिराळ्या प्रकारे बोलते. 'काकणभर' हा शब्द नेहमी अधिकाच्या बाजूने येतो. एखादी गोष्ट काकणभर सरस किंवा काकणभर जास्त असते, काकणभर वाईट असल्याचे सहसा ऐकू येत नाही. त्यात थोडे कौतुक मिसळलेले आहे. 'उन्नीस-बीस' हा हिंदीतून आलेला प्रयोग उलट भेद नाहीसा करण्यासाठी आहे. एकोणीस काय आणि वीस काय, निवड करण्यात वेळ घालवू नये, असा त्याचा रोख असतो. 'डावे-उजवे' करण्यात पारख करण्याचा हेतू असतो. 'त्याच्या नखाची सर नाही' असे म्हणताना लहान वस्तूचे नाव घेऊन अंतर मात्र फार मोठे दाखविलेले असते. चारही प्रयोग फरकाविषयीचे आहेत, पण बोलणाऱ्याच्या मनात काय आहे हे प्रत्येकावरून वेगळे कळते.

ह्यांतील काही शब्दांना नकाराची जोड लागते. 'यत्किंचितही', 'तिळमात्रही', 'लवलेशही', 'तसूभरही' ह्यांच्यामागून 'नाही' येणार हे ऐकणारा आधीच ताडतो. 'मला लवलेश भूक आहे' असे म्हटले तर हसू येईल. ज्यांना होकार चालतो ते शब्द म्हणजे किंचित, अंमळ, जरासे, चिमूटभर. आणि वऱ्हाडी बोलीतील 'उलुसं'. तापातून उठलेल्या मुलाला आई 'उलुसं खाय' म्हणते तेव्हा त्या शब्दात प्रमाणाबरोबर आर्जवही असते. तेथे 'किंचित खा' म्हटले तर अर्थ तोच राहील, आई मात्र दूर गेल्यासारखी वाटेल.

सर्वांत लहान फरक अक्षराचा. इंग्रजीत 'आयोटा' एवढाही बदल नाही असे म्हणतात. आयोटा हे ग्रीक वर्णमालेतील सर्वांत लहान अक्षर. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्मपंडितांत ईश्वर व ख्रिस्त ह्यांचे तत्त्व एकच की केवळ सारखे, ह्यावर जो प्रखर वाद माजला, त्यातील दोन ग्रीक शब्दांत अंतर होते ते ह्या एकाच अक्षराचे. मराठीत ह्याच अर्थी 'कानामात्रेचाही फरक नाही' असे म्हणतात, आणि कानामात्रेने काय होते हे मराठी मुलखाला निराळे सांगावयास नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मूळ हुकमात 'धरावे' असे होते आणि कोणी 'ध' चा 'मा' करून 'मारावे' असे केले, ही कथा तेव्हापासून चालत आली आहे. इतिहासकार तिला दंतकथा मानतात. तरी 'ध चा मा करणे' हा प्रयोग टिकून राहिला, कारण एका अक्षराने मनुष्य मरू शकतो ही गोष्ट लोकांना असंभाव्य वाटली नाही.

शेवटी पुन्हा वऱ्हाडच्या बाजाराकडे यावे. 'मापात पाप' ही म्हण तेथे शोभेची नाही. चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी असे कोष्टक धरले, तर एका खंडीचे आठशे शेर होतात. ऐंशी तोळ्यांच्या शेरामागे काट्यात एकाच तोळ्याची खोट असली तर ती तोलताना कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही. पण खंडीमागे आठशे तोळे, म्हणजे पूर्ण दहा शेर माल फुकट जातो. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो उन्नीस-बीसचा फरक. विकणाऱ्याच्या घरी ते मुलांचे कपडे असतात. खरेदी-विक्री नियमांखाली आणण्याचे भारतातील पहिले प्रयत्न कापसासाठी ह्याच प्रांतात झाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८८६ साली कारंजा येथील कापूस बाजार नियमबद्ध झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला. त्या कायद्यांमागे गिरण्यांना चांगला कापूस मिळावा हा राज्यकर्त्यांचा स्वार्थही होताच. तरीपण सौदा ठरलेल्या जागी आणि समितीच्या देखरेखीखाली व्हावा हे तत्त्व तेथून पुढे चालू झाले.

अल्पत्व सांगणारे हे शब्द अल्पाची उपेक्षा करणाऱ्यांनी बनविलेले नाहीत. ज्याला गुंजेवर नफा-तोटा मोजावा लागे त्या सराफाने 'गुंजभर' हा शब्द दिला; ज्याचे कापड तसूने कमी पडे त्याने 'तसूभर' दिला; ज्याच्या घरी दाणा मोजून शिजे त्या गृहिणीने 'शीत' दिले. पुढच्या वेळी कोणी 'त्यात गुंजभरही खोटे नाही' असे म्हणेल, तेव्हा त्याने आपले बोलणे सराफाच्या तराजूत घातले आहे असे समजावे. तो तराजू काचेच्या पेटीत असतो, आणि त्यात उन्हातल्या कणाखेरीज फारसे काही लपत नाही.